चोथ्यातलं पान

नत्थुजींना अंजनगावहून अमरावतीच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा ते हवेतलं काहीतरी वेचत होते. लेकीलाही ओळखत नव्हते. सकाळी त्यांनी गुळवेलीचा काढा घेतला होता. डॉक्टरांना मेंदूचा झटका वाटत होता.

"गुळवेलच होती, म्या सोता तोडली," त्यांची बायको कौशल्या पुन्हा पुन्हा सांगत होती.

लेक रागिणी राजापेठेत मुलांना वनस्पतीशास्त्र शिकवायची. फोनवर सांगून तिने काढ्याचं पातेलं तसंच आणवलं होतं. तिने चोथा ताटलीत ओतून पहिलं पान पसरलं. देठापासूनच पाच शिरा फुटलेल्या, म्हणजे गुळवेलच. दुसरंही तसंच. आतून बाबांचं ओरडणं ऐकू येत होतं. ती एकेक पान सोडवत राहिली.

सातवं पान निराळं निघालं. मधोमध एकच जाड शीर आणि तिला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या बारीक शिरा.

"आई, वेलीजवळ धोतरा हाय का?"

"हाय ना. वेल त्याच्यावरच चढली हाय."

धोतऱ्याच्या विषाने माणूस असाच भ्रमिष्ट होतो. रागिणी पान घेऊन डॉक्टरांकडे धावली. डॉक्टरांनी नत्थुजींच्या विस्फारलेल्या बाहुल्या पुन्हा तपासल्या आणि लगेच उपचार बदलले.

संध्याकाळी नत्थुजींनी बायकोकडे नीट पाहिलं.

"काहून रडून राहिली वं?"

तेव्हा कुठे रागिणी भिंतीला टेकून खाली बसली.