स्टेनवरचं मत

"त्या फौजदारीणबाईला बर्फात टोपी घालायला काय होतं?" गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसलेल्या स्टेनवरने विचारलं. "वारा असा की मेंढ्या उडून जातील, आणि हिचे केस बघा, नुकतेच विंचरलेले!"

तरणतलावाशेजारच्या कुंडात बसलेले सगळे हसले. रविवारी टीव्हीवर खुनाची मालिका लागायची आणि सोमवारी सकाळी, कामावर जाण्याआधी, या वाफाळत्या पाण्यात तिचा निकाल लागायचा. आइसलँडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या गावात न्यायाधीश एकच: मासळीच्या कारखान्यात स्वयंपाक करणारी स्टेनवर.

"खुनी कोण, ते तरी सांग," म्हातारा केटिल म्हणाला. त्याचा सगळा जन्म बोटीवर गेला होता.

"पाद्री. ज्याचं कथेत काही काम नाही, तरी ज्याला सारखी कॉफी पाजतात, तो खुनी."

"आणि येत्या रविवारी तुझ्या लेकीचा सिनेमा. त्याला काय म्हणणार?"

स्टेनवरने तोंडावर पाणी मारून घेतलं. "आधी बघू तर दे."

ब्रिएट तिची एकुलती एक मुलगी. राजधानीत सिनेमा शिकली, तिथेच राहिली. वडील गेल्यापासून मायलेकींचं बोलणं फोनवर, हवापाण्यापुरतं उरलं होतं. गेल्या शरदात ती चार मित्र घेऊन गावात आली, बंदरावर चित्रीकरण केलं आणि आईच्या घरी न उतरता शाळेत सतरंज्या टाकून झोपली. स्टेनवर रोज पातेलंभर मटणाचं सूप पाठवायची. पातेलं धुऊन परत यायचं. निरोप नसायचा.

रविवारी दुपारी गावचं सभागृह भरलं. सिनेमात एक आई होती. सदा खिडकीपाशी, ओठ घट्ट मिटलेले. मुलीच्या केसांत खोट, स्वयंपाकात खोट, मित्राच्या बुटांतसुद्धा खोट काढणारी. शेवटी मुलगी बोटीत बसून निघून जाते आणि आई खिडकीतून बघतही नाही.

दिवे लागले. टाळ्या झाल्या, आणि एकेक मान हळूच स्टेनवरकडे वळली. केटिलने काहीतरी विचारायला तोंड उघडलं; बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

"कसा वाटला, स्टेनवर?" शाळेतल्या बाईंनी शेवटी विचारलंच.

"जिने सिनेमा केलाय तिला माझं मत सांगेन," ती म्हणाली आणि कोट चढवून, ताठ मानेने, एकटी घरी चालत गेली.

संध्याकाळी ब्रिएट आली. दारातच उभी राहिली.

"बोल. सगळ्या गावाला मतं वाटतेस. मला तेवढं नको?"

"धुकं फार वेळ आहे. धुकं आम्ही रोज फुकट बघतो."

"बरं. पुढे?"

"बोट निघते ते छान. दोर सुटतो आणि कुणी काही बोलत नाही. तिथे माझा श्वास अडकला. मालिकेत असं जमत नाही, लगेच व्हायोलिन रडायला लागतं."

ब्रिएटने कोटाची बटणं सोडली. "आणि आई?"

"आई चुकली."

"म्हणजे तू तशी नाहीस, असंच ना?"

"तशीच आहे. जीभ आवरत नाही माझी. पण बाई एवढा वेळ पडद्यावर असते आणि एकदाही हसत नाही, गं?"

"मी तुला घरात हसताना कधी ऐकलंच नाही, आई. जे ऐकलं नाही ते कुठून दाखवू?"

स्टेनवरने कॉफी ओतली. कप काठोकाठ भरला तरी ओतत राहिली. मग भानावर येऊन फडकं घेतलं.

"तुझे बाबा समुद्रावर असायचे," ती ओटा पुसत म्हणाली. "तुला झोपवून मी टीव्ही लावायचे. ही भिंत म्हणजे नुसता पुठ्ठा. जरा खुट्ट झालं की तू जागी. मग तोंडावर उशी दाबून हसायचे. पोट दुखेपर्यंत."

"उशी दाबून?"

"कुणाचा खून झाला की जास्तच. इतकं वाईट मरायचे ते नट!"

ब्रिएट खुर्चीत बसली.

"कधी सांगितलं नाहीस."

"तू कॅमेरा लावलास. विचारलं नाहीस."

"सुपाबरोबर तू स्वतः आली असतीस, तर विचारलं असतं."

स्टेनवरने साखर पुढे सरकवली आणि टीव्ही लावला. मालिकेची वेळ झाली होती.

पाद्री मेला होता. फौजदारीणबाई प्रेतावर वाकून गंभीर चेहऱ्याने काहीतरी म्हणत होती.

"बाप रे, मग खुनी कोण?" स्टेनवर पुटपुटली.

"ते जाऊ दे. आई, मेलेल्याचं पोट बघ!"

पोट हलत होतं. वर, खाली, संथ. तेवढ्यात पाद्र्याने आवंढा गिळला आणि दोघींना एकदमच हसू फुटलं. ब्रिएट टेबलावर डोकं टेकून हसत होती. स्टेनवरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने छताला काठी ठोकली. टक, टक.

ब्रिएटने आवाज कमी करायला रिमोटकडे हात नेला. स्टेनवरने रिमोट उचलून मांडीखाली घेतला.

"ठोकू दे," ती म्हणाली.