पाचशे बारावर थांबलेला बिल्ला

मांग ओडांगने बिल्ला काढून विहिरीजवळच्या खोपटात खुंटीला टांगला, असा निष्कर्ष आमच्या कंपनीने काढला, तेव्हा तो काढणाऱ्यांपैकी एकानेही ते खोपटे पाहिलेले नव्हते. मी पाहिले आहे. तिथे खुंटी नाही.

गारूत गावाच्या वरच्या डोंगरात जमिनीतल्या वाफेवर वीज करणारे एक केंद्र आहे. वाफेच्या विहिरींच्या तोंडाशी सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू झिरपतो, म्हणून तिथले कामगार छातीवर आमच्या बांडुंगच्या कंपनीने बनवलेला बिल्ला लावतात. वायूचा मोठा लोट आला तर बिल्ला तत्काळ शिट्टी देतो. त्याचे दुसरे काम अधिक जबाबदारीचे: छातीत थोडा थोडा जाणारा वायू दर सेकंदाला बेरजेत मिळवत राहायचे, आणि बेरीज सहाशेला पोचली की शिट्टी देऊन माणसाला खाली उतरवायचे. त्यातलाच एक कामगार मांग ओडांग (मांग, पाक, बू, कांग या आमच्याकडच्या नावाआधीच्या आदराच्या हाका) झडप बसवता बसवता कोसळला, आणि शिट्टी वाजली नाही. बिल्ला तपासला, तर बेरीज पाचशे बारावर येऊन दुपारभर तिथेच थांबलेली. आमचे प्रकल्पप्रमुख पाक हेंदार्मान यांनी त्यावरून ताडले की आकडा हलत नाही, अर्थात बिल्ला स्वच्छ हवेत होता, अर्थात तो छातीवर नव्हता. केंद्राच्या कॅन्टीनमध्ये सर्वांसमोर त्यांनी तसे वाचूनही दाखवले. बिल्ला काढणाऱ्याला केंद्रात नोकरी राहत नाही.

मला मात्र त्या आकड्याचाच संशय आला. दोनाची दुप्पट, तिची दुप्पट, असे करत गेले की वाटेत पाचशे बारा लागतात. यंत्रांना असले आकडे प्रिय असतात. स्वच्छ हवेला ते प्रिय असण्याचे काही कारण नाही. मी बिल्ल्यातला प्रोग्राम उघडला आणि माझे डोके तापले.

आमचे प्रोग्राम आम्ही रस्ट या संगणकभाषेत लिहितो, आणि मापाच्या संख्येचा प्रकार एकाच ओळीत ठरवतो. ती ओळ बदलली की सर्वत्र बदल होतो. या शिस्तीचा आम्हाला अभिमान आहे. नव्या बिल्ल्यातली तुटपुंजी जागा वाचवण्यासाठी हेंदार्मान यांनी त्या ओळीत बत्तीस बिटांच्या पूर्ण लांबीच्या संख्येऐवजी सोळा बिटांची अर्धी संख्या लिहिली. मापे अर्ध्या संख्येत गेली, त्यात काही बिघडले नाही. पण त्याच ओळीने बेरीजही अर्ध्या संख्येत गेली. अर्ध्या संख्येचे असे आहे की आकडा जितका मोठा, तितक्या तिच्या पायऱ्या उंच. पाचशे बाराच्या पुढची पायरी एकदम अर्ध्याने वर आहे. मधे पाय ठेवायला जागा नाही. त्यात शून्य दशांश दोन मिळवले, तर उत्तर सर्वांत जवळच्या पायरीवर, म्हणजे पुन्हा पाचशे बारावरच बसते. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच. मंद गळती माणसाच्या छातीत साठत राहते आणि बिल्ल्याला तिचा पत्ता नसतो.

"कांग रोहेंडी, कंपायलरनं ब्र काढला नाही," हेंदार्मान कचेरीत मला म्हणाले. "ही भाषा साधी चूक सोडत नाही. तिचे गोडवे तर तुम्हीच गाता."

"व्याकरण बरोबर असलं म्हणून साक्ष खरी होत नाही, पाक. संख्या ठेवताना अर्धी चालते. बेरीज पूर्ण संख्येत करायची असते."

"चाचण्या पास झाल्यात."

"होणारच. बेरीज शंभराच्या वर जायच्या आत तुम्ही चाचणी आटोपता आणि बाला-बाला भजी गार होतील म्हणून उठता."

शेजारच्या टेबलावर कोणी तरी हसले. हेंदार्मान हसले नाहीत.

"बरं, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. गाजावाजा कशाला?"

"आणि ओडांग?"

"त्याचं काय ते केंद्र बघून घेईल."

चूक कोणाच्याही हातून होते, आणि अर्धी संख्या तर बिचारी निरपराध आहे. ती आपली मर्यादा कधी लपवत नाही. पण आपली चूक कळल्यावरही तिचे ओझे ज्याची फुप्फुसे तिने जाळली त्याच्याच पाठीवर राहू द्यायचे, आणि वर त्याला खोटारडा म्हणायचे, याला चूक म्हणत नाहीत. त्याला जो शब्द आहे तो मी तिथेच वापरला. मग केंद्राच्या सुरक्षा अधिकारी बू लिलिस यांना फोन करून कळवले की चौकशी माझ्यासमोर पुन्हा करा.

चौकशी त्याच कॅन्टीनमध्ये झाली. मांग ओडांग इस्त्रीचा बाटिक सदरा घालून, खोकला रुमालात दाबत बसला होता. मी त्याचा बिल्ला आणि पूर्ण संख्येचा एक जुना बिल्ला शेजारी शेजारी काचेच्या पेटीत ठेवले. जुन्याची बेरीजही पाचशे बारावर आणून ठेवली.

"वायू तुम्हीच सोडा, पाक," मी म्हणालो. "नंतर यात माझा हात होता म्हणायला नको."

हेंदार्मान यांनी चाचणीच्या सौम्य वायूची नळी उघडली. जुना बिल्ला हळूहळू चढू लागला. ओडांगचा पाचशे बारा दाखवत राहिला. अखेर जुन्याने शिट्टी दिली, तेव्हा ओडांग दचकून अर्धा उठला. त्याचा बिल्ला त्याच वायूत, त्याच पेटीत, गप्प होता.

"हा कोणत्या खुंटीला टांगलाय, पाक?" बू लिलिस यांनी विचारले.

नवे बिल्ले आजच परत न्यायचे आणि जुने येईपर्यंत विहिरींवर कोणी चढायचे नाही, असे त्यांनी सांगितले. ओडांगची नोकरी राहिली. हेंदार्मान यांनी घसा साफ केला.

"तांत्रिक मर्यादेमुळे नोंदीचा अन्वयार्थ लावताना…"

"ते मर्यादा-बिर्यादा मला कळत नाही," मांग ओडांग म्हणाला. "तुम्ही इथंच वाचून दाखवलंत, मी बिल्ला काढला म्हणून. माझी बायको इथं भात वाढते. ताट पुढं करणारा जो तो तिला विचारतो, तुझ्या नवऱ्यानं असं का केलं. मी बिल्ला काढला नव्हता, एवढंच म्हणा."

हेंदार्मान यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांना एकही शब्द पुरवला नाही.

"मांग ओडांगनं बिल्ला काढला नव्हता," ते टेबलाकडे पाहत पुटपुटले.

भाताच्या पातेल्यामागून ओडांगच्या बायकोचा आवाज आला, "इकडं मागं ऐकू आलं नाही, पाक."

हेंदार्मान खुर्ची सरकवून उभे राहिले आणि तेच वाक्य, या वेळी तिच्याकडे तोंड करून, पुन्हा म्हणाले.