दलालाचं तोंड

छावणीच्या बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. घेणाऱ्याचा दलाल आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वरून उपरणं टाकतात आणि बोटं दाबून आकडा ठरवतात. भोवती कितीही माणसं उभी असोत, उपरण्याखाली काय चाललंय ते त्या दोघांनाच ठाऊक. मग बघ्यांना बघायला उरतं ते तोंड. कुणाची भुवई हलली, कुणाच्या ओठाचा कोपरा उचलला, यावरून सौदा ताडायचा. कडूबा दलालाच्या तोंडावरून मात्र आजवर कुणाला कसली खबर लागली नव्हती.

उलट, बैल मनात भरला की कडूबाच्या कपाळाला आठी पडायची. फारच भरला की तो असं तोंड करायचा, जणू बैलानं त्याच्या पायावर खूर ठेवलाय. आवडल्या मालाकडं आवडीनं बघितलं की भाव चढतो, हे त्याच्या बापानं त्याला मिसरूड फुटायच्या आत शिकवलं होतं, आणि शिकवण अशी मुरली होती की सबंध जन्मात त्याच्या तोंडून निघालेली सर्वांत मोठी तारीफ म्हणजे ‘चालंल’. मुलासाठी मुलगी बघायला गेला तेव्हाही तो ‘चालंल’ म्हणाला होता. मुलीकडच्यांनी ते पदरात घेतलं, पण तिच्या आईचं तोंड उतरलं ते उतरलंच.

बाजारातून घरी आल्यावर पागोटं खुंटीला टांगता येतं. तोंड टांगता येत नाही. तिथंच सगळा घोटाळा झाला.

सून द्वारका हर्सूलची. हाताला चव असलेली पोर. आल्या आल्या तिनं वांग्याचं भरीत केलं. कडूबानं घास घेतला आणि कपाळाला आठी घातली. द्वारकाला वाटलं, तिखट कमी पडलं. दुसऱ्यांदा तिनं लसूण वाढवला, मिरची विस्तवावर भाजून घातली. सासऱ्याचं तोंड आणखी वाकडं झालं. मग येसराचं कालवण, मग आमटी, मग पुरण. पोर जितकी सुधारत गेली तितकं सासऱ्याचं तोंड बिघडत गेलं, आणि ज्या दिवशी तिनं आयुष्यातली सर्वांत फर्मास पुरणपोळी लाटली त्या दिवशी तर कडूबाकडं बघवत नव्हतं.

संक्रांतीला ती माहेरी गेली ती आलीच नाही. आणायला गेलेला नवरा, म्हणजे कडूबाचा कचेरीत कारकुनी करणारा मुलगा पुंजाराम, एकटाच परत आला आणि सायकल भिंतीला टेकवून तिथंच उभा राहिला.

“ती म्हणती, मामंजींच्या मनातून मी उतरलेय. ते तोंड बघून जेवण वाढण्यापरीस हितं शेण काढीन.”

“मी काय बोललो तिला?” कडूबानं विचारलं.

“काहीच नाय. तेच तर म्हणती ती.”

सून गेल्यापासून कडूबाला जेवण गोड लागत नव्हतं, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं हेही त्याला ठाऊक नव्हतं.

“आवं, जरा हसत जावा माणसानं,” त्याची बायको दगडाबाई म्हणाली. “माझं निभलं. मला वाटलं व्हतं, लग्नात तुमचं पोट दुखत असंल. पुढं कळलं की तोंडच तसं हाय. पण ती पोर किती दिवस वाट बघंल?”

“हसायचं म्हंजी कसं?”

“कसं म्हंजी? हसायचं!”

“व्हय, पण सुरुवात कुठून करायची?”

फोडणी कशी द्यायची ते दगडाबाईला सांगता आलं असतं, पण हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. ती स्वतःशी हसून बघत चुलीकडं गेली.

आता कडूबा काही मूर्ख नव्हता. माल ठाऊक नसेल तर आधी बाजार हिंडून नमुने बघावेत, एवढं त्याला कळत होतं. दुसऱ्या दिवसापासून तो छावणीत माणसांची तोंडं बघत फिरू लागला.

चहाच्या हॉटेलवाल्याचं हसू गिऱ्हाइकाबरोबर आत यायचं आणि त्याच्याबरोबर बाहेर जायचं. मालकाकडं मुक्कामाला एकही हसू नव्हतं. दवाखान्यातला कंपाउंडर फक्त खालचा ओठ हसवायचा, वरचा नोकरीवर असल्यासारखा ताठ. पोस्टमन मनिऑर्डर देताना हसायचा, पण नजर दुसऱ्याच्या हाताकडं. कडूबाला मौज वाटू लागली. सबंध आयुष्य बैलांचे दात बघण्यात गेलं होतं, माणसांच्या दातांमागं एवढा कारभार असतो याची त्याला कल्पनाच नव्हती.

सर्वांत सच्चा नमुना त्याला पेरू विकणाऱ्या भागूबाईकडं सापडला. तिचे पुढचे दोन दात पडलेले, तरी ती हसली की आजूबाजूच्या टोपल्यांचं गिऱ्हाईक तिच्याकडं वळायचं. कडूबा तिच्यासमोर उकिडवा बसून टक लावून राहिला.

“काय बघता दलाल? पेरू तर हिकडं हायेत.”

“भागूबाई, तू हसतीस तवा आधी काय हलतं गं? व्हट का गाल?”

“आधी माझा हात हलतो,” भागूबाई म्हणाली. “लगावून दाखवू का?”

आणि हे म्हणताना ती हसली. कडूबानं नेमकं पाहिलं: ओठ नाही, गालही नाही. आधी डोळ्याखालची कातडी गोळा झाली, बाकी सगळं मागून आलं. तिच्याकडून त्यानं निमूटपणे पेरू घेतले.

मग तालीम सुरू झाली. न्हाव्याच्या आरशात लाज वाटली म्हणून त्यानं बैलांच्या हौदात वाकून डोळ्याखालची कातडी गोळा केली, ओठ ताणले, दात काढले. पाणी पिणाऱ्या बैलानं मान वर केली, त्याच्याकडं बघितलं आणि दोन पावलं मागं सरला. घरी दगडाबाईसमोर करून दाखवलं तर ती म्हणाली, “दाढ दुखती का? लवंग देऊ?”

शेवटी तो गयासकडं गेला. उस्मानपुऱ्यातला गयास बैलांचा व्यापारी, आणि छावणीच्या बाजारात कडूबाचा हात सर्वांत जास्त वेळा धरला असेल तर त्यानंच. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर बाजार कितीतरी आठवडे ओस पडला होता, तेव्हा पहिलं उपरणं टाकलं ते या दोघांनी. एकमेकांच्या हातावरचे घट्टे त्यांना ठाऊक होते. गयास मात्र सदा हसरा. तोट्यातही हसायचा, नफ्यातही; त्यामुळं त्याच्याही तोंडावरून कुणाला काही कळत नसे.

“क्या कडूबा, हे काय तोंड केलंस?” कडूबाची तालीम बघून तो म्हणाला. “कुणाची मैयत आहे?”

“हसतोय.”

“या अल्लाह. नको रे बाबा, बंद कर.” गयासनं त्याला बाजेवर बसवलं. “हसू असं बोलवून येत नाही. ते शिंकेसारखं असतं. आलं की येतं.”

“मला साठीला टेकेपर्यंत एकबी शिंक आली नसंल तर?”

गयासची नजर खाली कडूबाच्या वहाणांकडं गेली. काहीतरी ओठावर आलं होतं, पण त्यानं ते पानाबरोबर गिळलं.

“चल,” तो म्हणाला. “मी येतो हर्सूलला. बोलायचं काम माझं. तू फक्त बस.”

टांगा दिल्ली दरवाज्यातून निघाला. वाटेत गयासनं दोनदा बजावलं की हसू नकोस. पण इतक्या दिवसांची मेहनत वाया घालवायची कडूबाची तयारी नव्हती.

द्वारकाची आई मनकर्णाबाई ओसरीत घोंगडी अंथरून वाट बघत होती. कडूबानं वहाणा काढल्या, पाय धुतले, घोंगडीवर बसला. दाराच्या फळीआड बांगड्या वाजल्या. द्वारका तिथं उभी होती. हीच वेळ म्हणून कडूबानं दाराकडं तोंड करून डोळ्याखालची कातडी गोळा केली, ओठ ताणले आणि सगळे दात एकदम काढले.

गयासनं डोळे मिटून घेतले.

“पाव्हणं,” मनकर्णाबाई जपून म्हणाली, “बरं वाटंना का? टांग्यात हिसका बसला का?”

“आई, मी म्हणत नव्हते?” आतून आवाज आला. “बघ, दात खाताहेत माझ्यावर.”

कडूबाचं हसू जिथल्या तिथं जिरलं. मेहनतीचा माल असा परत आलेला त्यानं कधी बघितला नव्हता.

“बेटी,” गयास पुढं सरसावला, “ह्या माणसाला राग येत नाही गं. ह्याचं तोंड धंद्यात अडकलंय. आवडलं की ते वाकडं होतं. मी सांगतो ना!”

“तुम्ही दोस्त, तुम्ही त्यांचीच बाजू घेणार,” द्वारका म्हणाली. “तोंडाचं सोडा काका. सुनेनं सासऱ्याच्या तोंडाकडं बघायचं असतं का? मी डोईवर पदर घेऊन, खाली मान घालून वाढते. मला तोंड दिसतं ते कधीमधी. पाय रोज दिसतात.”

“पायांचं काय?” मनकर्णाबाईनं विचारलं.

“घास घेतला की डाव्या पायाचा आंगठा ताठ उभा राहतो. साधी भाकर असली तर थोडा. भरीत असलं तर हा एवढा. आन् मी जीव ओतून पुरण केलं त्या दिवशी तर खाली यायलाच तयार नव्हता. इतका राग? मी काय चोरी केली?”

कडूबानं चकित होऊन स्वतःच्या पायाकडं पाहिलं. हा अंगठा त्याच्या मालकीचा होता, पण त्याच्या या धंद्याची त्याला काहीच वर्दी नव्हती.

तेवढ्यात शेजारी काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. गयास पोट धरून घोंगडीवर आडवा झाला होता.

“राग नाही गं बेटी, राग नाही!” त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “अंगठा म्हणजे खुशी! तोंडाला टाळं लावलं, हात उपरण्याखाली, मग बिचारी खुशी जाणार कुठं? पायातून निघते! वहाणेतून मला साफ दिसतं ना, बैल आवडला की—”

आणि तो थांबला. पण शब्द ओसरीत पडून गेला होता.

कडूबा सावकाश त्याच्याकडं वळला. “तुला दिसतं?”

गयासनं पानाचा डबा उघडून आत बघायला सुरुवात केली.

“कवापासून?”

“आता… जुनी गोष्ट आहे.”

“ती खिलारी जोडी. मी म्हणलो व्हतो, मला नको, आन् तू भाव सोडला नाहीस.”

“हौ,” गयास डब्यात तोंड घालून म्हणाला. “उभा होता.”

“आन् पैठणच्या जत्रेतला तो पांढरा?”

“तो तर फारच उभा होता.”

“निजामाच्या वक्ताला घेतलेली मुऱ्हा म्हैस?”

“कडूबा, त्या दिवशी दोन्ही पायांचे.”

कडूबाच्या डोळ्यांसमोरून सगळे सौदे गेले. उपरण्याखाली तो किल्ल्यासारखा बंद बसलाय, मराठवाड्यातल्या कुणाला त्याच्या तोंडावरून काही कळत नाही, आणि समोर हा पानखाऊ इसम मान खाली घालून, अदब दाखवल्यासारखा, त्याच्या पायाशी सगळा हिशेब वाचतोय. आणि कडूबा बाजारभर मिरवतोय, माझं तोंड, माझं तोंड!

त्याच्या पोटात कुठंतरी काहीतरी हललं. आधी त्याला वाटलं, खरंच टांग्याचा हिसका. मग ते छातीत आलं, खांदे हलले, आणि नाकातून घोड्यासारखा आवाज निघाला. मनकर्णाबाई पाणी आणायला उठली. पण तोवर ते बाहेर पडलं होतं. कडूबा हसत होता. वाईट हसत होता, मध्येच खोकत होता, मांडीवर थापा मारत होता, “दोन्ही पायांचे!” म्हणत होता आणि पुन्हा सुरू होत होता. त्यात ना डोळ्याखालच्या कातडीची काळजी होती ना दातांची.

फळीआडून द्वारका बाहेर आली. पदर सावरायचा राहून गेला होता. ती सासऱ्याच्या तोंडाकडं सरळ बघत होती, आणि बघता बघता तिलाही आवरेना.

“पुरण,” कडूबा डोळे पुसत म्हणाला, “पुरण चां… चांगलं झालं व्हतं पोरी.” हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होता, त्यामुळं वाटेत जरा अडखळला.

द्वारकानं पदर डोईवर घेतला आणि मान खाली घातली. डावा अंगठा उभा होता.

“मी येते,” ती म्हणाली. “पण मामंजी, ते मघाचं हसू परत करायचं नाय. कधीच नाय.”

“नाय करत.”

ती आली. जेवताना ती आधी खाली बघायची, मग हळूच वर. काही दिवसांनी वर बघितलं तरी भागू लागलं. आठी पडायची, नाही असं नाही, पण तिच्या पाठोपाठ डोळ्याखाली काहीतरी गोळा व्हायचं आणि दगडाबाई चुलीशी बसून म्हणायची, “आलं बघ, आलं.”

मग एका गुरुवारी छावणीच्या बाजारात गयासनं विकायला एक काळा खोंड आणला. त्यानं कडूबाचा हात धरला, वर उपरणं टाकलं, आणि सवयीनं अदबीनं मान खाली घातली.

खाली कडूबाच्या पायात पुंजारामचे कचेरीचे काळे बूट होते. नाड्या बांधलेले, बंद.

गयासनं मान वर केली. कडूबा हसत होता. दात न काढता, मजेत, डोळ्यांपासून. या तोंडावर असं काही गयासनं बाजारात कधी पाहिलं नव्हतं, आणि यावरून भाव चढा सांगायचा की उतरता, हे त्याला काही केल्या उमगेना.

“हसतोस कशाला रे?” त्यानं दबक्या आवाजात विचारलं. “खोंड आवडला का नाही?”

“का, हसू नको व्हय?” कडूबा म्हणाला, आणि उपरण्याखाली त्याची बोटं दाबली.