कालव्याकाठचे पापी कंद

“फुलला हो, फुलला! लीलावतीकाकूंचा कंद फुलला!”

सत्संगाची व्यवस्था बघणारी सलोनी झूमवर किंचाळली आणि पडद्यावरच्या चौकटीचौकटीतून टाळ्या कडाडल्या. २०२१चा जानेवारी, कोरोनाचा कहर, बाहेर पडायची चोरी. नेदरलँड्समधली मराठी मंडळी घराघरांत कोंडलेली, आणि दर रविवारी सगळी नीळकंठ महाराजांच्या सत्संगाला हजर. काकूंच्या खिडकीत, काचेच्या चंबूत पाण्यावर ठेवलेल्या कंदातून हायसिंथचा जांभळा तुरा वर आला होता. भर हिवाळ्यात!

महाराज द हेगचे. परवापरवापर्यंत एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या चाचण्या घ्यायचे, आता भक्तांच्या घेत होते.

“कंदात काय आहे? कंपन! कंपनात काय आहे? क्वांटम! आणि क्वांटममध्ये?” महाराजांनी बोट छताकडे केलं. नेमकं तेव्हाच वरच्या मजल्यावरच्या डच शेजाऱ्याने भिंतीला ड्रिल लावलं. “बघा, साक्ष पटली!” म्हणून महाराजांनी तेही पदरात पाडून घेतलं.

नियम सोपा होता. महाराजांनी अभिमंत्रित करून दिलेला कंद फुलला तर त्या घराला कवच, विषाणू उंबरा ओलांडणार नाही. नाही फुलला तर घरात दोष. मग त्याची कुठे वाच्यता करायची नाही. भंगलेली मूर्ती आपण मुकाट्याने पाण्यात सोडतो ना, तसा कंद सोडायचा आणि ग्रुपमधून बाहेर पडायचं, म्हणजे आपला दोष दुसऱ्याला लागत नाही.

कॅमेरा बंद करून ऋजुता हे सगळं बघत होती आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. खरं सांगायचं तर तिला महाराजांचा राग नव्हताच. असले महाराज छप्पन असतात. तिला राग होता सलोनीचा. कारण काकू ऋजुताच्या होत्या!

ऋजुता नायमेखनच्या विद्यापीठात उत्क्रांतीवर संशोधन करायची. इथे नवी आली तेव्हा काकूंनीच तिला सायकल चालवायला शिकवली होती, पडली तेव्हा गुडघ्याला हळदही लावली होती. नवऱ्यामागून इथे येऊन चाळीस वर्षं या गावात राहिलेल्या, मूलबाळ नसलेल्या काकूंच्या स्वयंपाकघरात रविवारचं थालीपीठ ऋजुताच्या हक्काचं. आता रविवारी सत्संग आणि थालीपीठ सलोनीच्या ताटात! ऋजुताने चिडून मराठी मंडळासाठी स्वतःचं व्याख्यान ठेवलं, वॉलेस नावाच्या निसर्गशास्त्रज्ञावर. पाच जण आले, त्यातला एक तिचाच दुसरा फोन. काकू आल्याच नाहीत. सलोनीकडे सामुदायिक जप होता म्हणे.

एप्रिल सरता सरता काकूंना लसीचं बोलावणं आलं. काकूंना दमा. ऋजुता धावतपळत गेली. बागेत दीड मीटरचं अंतर ठेवून दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या.

“मला सुई कशाला?” काकू म्हणाल्या. “माझ्या घरात कंद फुललाय.”

“काकू, तो कांदा आहे हो! काही आठवडे थंडीत ठेवला की घराच्या उबेत फुलतो. इथे दुकानात तसे तयार मिळतात. चाळीस वर्षं बघताय तुम्ही!”

“बघतेय ना. पण सलोनीने सगळ्यांना महाराजांच्या एकाच पेटीतून वाटले. थंडी लागली असती तर सगळ्यांनाच लागली असती. मग माझा फुलला, कुणाकुणाचा नाही, असं का? श्रद्धा, दुसरं काय!”

“पुन्हा सलोनी!” ऋजुता फणकारली. काकू हसल्या. “तू जळतेस सलोनीवर. ते दिसतं मला.”

“जळते! चांगली जळते! पण म्हणून खोटं बोलत नाही!” ती ओरडली आणि सायकलवर टांग मारून निघाली. डोळ्यांत पाणी. काकूंना काही झालं तर? आणि ते सलोनीच्या नादाने?

वस्तीतल्या कालव्याच्या पुलापाशी तिने कचकन ब्रेक दाबला. काठावरच्या गवतात हायसिंथ फुलले होते. बुटके, वाकडेतिकडे, पण फुललेले. नगरपालिका लावते तसे ओळीत नाहीत. इथे एक, तिथे दोन, पलीकडे आणखी. आणि तिथेच अरुण उभा. दोन वर्षांमागे मंडळाच्या गणपतीत ढोल बडवणारा, एवढ्यात कुठेच न दिसलेला. तिला बघून तो चोरासारखा दचकला.

“यातला एक माझा आहे,” तो पुटपुटला. “कुणाला बोलू नकोस. माझा कंद फुललाच नाही. विसर्जनाला फेब्रुवारीत इथे आलो, तर कालवा ठार गोठलेला. बर्फावर पोरं स्केटिंग करतायत, त्यांच्यात देव सोडू? मग काठावरच पुरला. वाटलं, मी एकटाच पापी.”

“आणि हे बाकीचे?”

अरुण काठाकाठाने फुलं मोजू लागला. “अरेच्चा,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऋजुताने काकूंना पुलावर बोलावलं. काकू आल्या त्या सलोनीच्या गाडीतून. बघून ऋजुताच्या पोटात दुखलंच, पण तिने ते गिळलं.

“काकू, हे पापी कंद,” ती म्हणाली. “ना मंत्र, ना जप. घरात उबेला बसले होते तोवर काही उगवलं नाही. बाहेर थंडी खाल्ली आणि फुलले. पेटी एकच होती, पण माल मिसळलेला असणार. काही कंद आधी गारठवलेले, काही तसेच. सगळेच फुलले असते तर भीती कुणाला वाटली असती?”

अरुणने मान खाली घातली. “हा माझा, काकू. लाजेने बोललो नाही.”

“बघा,” ऋजुता म्हणाली. “ज्यांचे फुलले नाहीत ते लाजून गप्प. रविवारी दिसतात ते फुललेलेच. मग चमत्कार शंभर टक्के! डच अमलाखालच्या बेटांवर तापाने फणफणलेल्या वॉलेसला हेच सुचलं होतं. जे टिकतात तेच आपल्याला दिसतात. त्यांना बघून वाटतं, कुणीतरी मुद्दाम घडवलंय. पण जे गळून गेले त्यांचा हिशोब कुणी करत नाही. डार्विनलाही तेच सुचलेलं होतं, आणि नाव डार्विनचं झालं. वॉलेस कधी जळला नाही.” तिने सलोनीकडे पाहिलं. “मी तेवढी मोठी नाही.”

“एवढा हुशार माणूस!” काकू म्हणाल्या.

“आणि तोच पुढे आत्मे बोलावणाऱ्यांच्या टेबलाशी जाऊन बसला. देवीच्या लशीविरुद्धही भांडला. हुशार माणूसही फसतो, काकू. तुम्ही फसलात तर लाज कसली?”

काकूंनी वाकून एका बुटक्या तुऱ्याला बोट लावलं. मग वळल्या. “सलोनी, चंद्रहास हल्ली रविवारी दिसत नाही. त्याच्याकडे तर दोन तुरे होते.”

सलोनीचा चेहरा पडला. “त्याला कोरोना झाला, काकू. दवाखान्यात होता. महाराज म्हणाले, ग्रुपमधून काढून टाक.” आणि तिला रडूच कोसळलं. “माझाही फुलला नव्हता. दुकानातून फुललेला आणून खिडकीत ठेवला. तुम्ही सारखं ऋजुता अशी, ऋजुता तशी करायचात. म्हटलं, निदान या एका बाबतीत तरी मी वरचढ असावी.”

ऋजुता आ वासून बघत राहिली. म्हणजे ही बया आपल्यावर जळत होती?

“दोघी सारख्याच शहाण्या,” काकू म्हणाल्या. “चला, सुई टोचून घेऊ.”

आणि त्या सलोनीच्या गाडीत बसल्या! ऋजुता सायकलवर मागे. उलटा वारा, धाप लागलेली, जळफळाट तोच. पण लसीकरण केंद्राबाहेर काकू दंडावर कापूस दाबत आल्या तेव्हा तिला हुंदका आवरला नाही.

रविवारी काकूंनी सत्संगात विचारलं, “महाराज, ज्यांचे फुलले नाहीत त्यांना एकदा बोलवाल का?” महाराजांनी त्यांना म्यूट केलं, मग काढूनच टाकलं. काकूंनी तवा तापत ठेवला आणि दोघींना फोन केला.

तेव्हा मंडळी, कुणी चमत्काराचं फूल दाखवलं तर हात जोडायला हरकत नाही, पण आधी थोडं चालून कालव्यापर्यंत जा. न फुललेले कंद कुठे गेले, ते विचारा. कुणी सांगेनासं झालं, की समजा.