वाळवलेलं विष

लोअर परळच्या चाळीत शेवंतीच्या हाताला नाव होतं. सर्दाळलेला तांदूळ असो, पोरकिडे पडलेली डाळ असो, नाहीतर वास मारणारं सुकट, तिच्याकडे दिलं की ती गच्चीत ऊन दाखवी, सुपात पाखडी, तव्यावर परते आणि माणसाच्या पोटात जाण्याजोगं करून देई. उभ्या जन्मात तिनं अन्नाचा कण कधी गटारात जाऊ दिला नव्हता.

भाद्रपदातला तो एक साधा मंगळवार. जिच्यात तिच्या नवऱ्यानं, कुशाबानं, वीस वर्षं कापड विणायचे साचे चालवले, त्या गिरणीच्या जागेवर आता टॉवर उभा होता आणि त्याच्या बाविसाव्या मजल्यावर शेवंती लादी-भांडी करायची. काम आटोपून ती निघाली, तेव्हा मॅडमनी बाल्कनीतलं डॉग फूडचं अर्धं पोतं पायानं पुढं सरकवलं.

"मावशी, हे घेऊन जा. पावसानं ओलं झालंय, आमचा ब्रूनो तोंड लावत नाही. तुमच्या चाळीतल्या कुत्र्यांना घाला, पुण्य लागेल."

पुण्य आपल्याकडे भलतं स्वस्त आहे. दिलेलं नासकं असलं तरी मिळणारं पुण्य ताजंच असतं!

शेवंती मात्र हरखली. घरी तिचा भोंग्या होता. संपानंतर वर्षानुवर्षं रखडत चाललेली गिरणी शेवटी पुरती बंद पडली आणि कुशाबा चाळीच्या पायरीवर नुसता बसून राहू लागला, त्या दिवसांत हे पिल्लू कुठूनसं येऊन त्याच्या मांडीवर चढलं. सकाळी सातच्या ठोक्याला गिरणीच्या भोंग्यासारखा गळा काढायचं, म्हणून कुशाबानं नाव ठेवलं भोंग्या. कुशाबा गेला आणि दहा बाय बाराच्या त्या खोलीत शेवंतीला बोलायला भोंग्यावाचून कुणी उरलं नाही.

तिनं पोतं गच्चीत जुन्या लुगड्यावर पसरलं. गोळ्यांवर बुरशीची पूड होती. शेजारची रखमा डोकावली.

"अगो शेवंते, ह्या हिरवा दिसता मां?"

"दोन उन्हं खाल्ली की जातंय गो."

तीन उन्हं दिली. पाखडलं, मंद आचेवर भाजलं. हिरवं गेलं, वासही गेला. भोंग्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. शेवंतीनं बांगड्याच्या कालवणात कालवून घास त्याच्या तोंडाशी नेला. "माजलास काय रे? काय काय खाऊन दिवस काढलेत आम्ही, तुला काय माहीत!" तिचा हात बघून भोंग्यानं खाल्लं. रोज खाऊ लागला.

बाराव्या दिवशी त्यानं अन्न सोडलं. उलट्या झाल्या, काळी हगवण लागली, सात वाजून गेले तरी आवाज नाही. शेवंतीनं त्याला चादरीत गुंडाळलं आणि टॅक्सीत घालून परळच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होती. तिनं भोंग्याचा ओठ उचलला. हिरड्या हळदीसारख्या पिवळ्या. काय खायला घालता, म्हणून तिनं विचारलं. शेवंतीनं सगळं सांगितलं, आपण किती निगुतीनं साफ केलं तेसुद्धा.

"आजी, उन्हानं, भाजल्यानं बुरशी जाते," डॉक्टरीण हळूच म्हणाली. "तिनं आधीच सोडलेलं विष तिथंच राहतं. ते दिसत नाही, वास येत नाही. ह्याचं लिव्हर संपलंय."

"कसली बुरशी ही, बाय?"

"मक्यावर येते, शेंगदाण्यावर येते. ह्या गोळ्यांत मका असतो ना."

"माणसाला बाधते?"

"बाधते. लहान मुलांना जास्त."

शेवंतीला तो मका आठवला. संपाच्या दुसऱ्या वर्षी कुणा शेठजींनी धर्म म्हणून चाळीत मक्याची पोती पाठवली होती, गोदामात भिजलेली. तिनं मका वाळवला, पाखडला, भाजला आणि दळून भाकऱ्या थापल्या. तिची चार वर्षांची लेक मंजुळा म्हणाली होती, "आई, कडू लागतं." शेवंतीनं गूळ लावून भरवलं. पंधरवड्यात पोरीचे डोळे पिवळे झाले. काविळीची माळ घातली, काढा दिला, आठव्या दिवशी पोर गेली. नशीब, असं सगळे म्हणाले. तीही म्हणाली.

आता तिनं डॉक्टरणीला सारं सांगितलं आणि पोर त्यानंच गेली का, म्हणून विचारलं. "इतक्या वर्षांनी कसं सांगू, आजी?" डॉक्टरीण म्हणाली. नाही, असं मात्र तिनं म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी भोंग्या शेवंतीच्या मांडीवर गेला. शेवटपर्यंत तो तिचा हात चाटत होता, त्याच हाताचा तिला किळस आला होता.

मॅडमना कळलं तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं. "अरे रे! पण मी चांगल्या मनानंच दिलं होतं हो." ते खोटं नव्हतं. शेठजींनीही चांगल्याच मनानं दिलं असेल. आपल्या ताटाला चालत नाही ते खालच्याच्या ताटाला चालतं, ही आपली रीत इतकी मुरलेली आहे की तिच्यात पाप आहे हे देणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही आणि घेणाऱ्याच्याही.

दसऱ्याच्या साफसफाईत मॅडमनी खवट शेंगदाण्यांची पिशवी काढली. "हे तरी न्या."

"कचऱ्यात टाका, मॅडम. मी नेणार नाही. दुसऱ्या कुणाला देऊही नका."

"अन्न कसं टाकायचं? आणि एवढा तोरा कशाला, मावशी?"

दुसऱ्या दिवसापासून शेवंतीच्या जागी चाळीतलीच बकुळा कामाला लागली आणि पहिल्याच दिवशी तीच पिशवी घेऊन आली. नवरा चार महिने घरी बसलेला, पदरात तीन वर्षांची मुलगी. शेवंती गच्चीत गेली तेव्हा दाणे उन्हात पसरलेले होते.

"टाक ते, बकुळा."

"काकी, तुमच्याकडूनच तर शिकले. वाळवून, भाजून घेते ना."

मग चाळीत जे कुणाला सांगितलं नव्हतं ते शेवंती बोलली. भोंग्याचं बोलली, मंजुळाचं बोलली. "मीच भरवलं गो. कडू लागतं म्हणाली, तर गूळ लावून भरवलं." बोलता बोलता ती ओक्साबोक्शी रडू लागली. बकुळाही रडली. दोघींनी मिळून दाणे गटारात ओतले. शेवंतीनं घरातला डबा बकुळाच्या सुपात पालथा केला, दोन वेळचे तांदूळ होते. त्या दिवशी पोर जेवली.

तिसऱ्या दिवशी बकुळा टॉवरवरून आली ती पदराखाली मक्याच्या पिठाचा पुडा घेऊनच. शेवंती जिन्यात आडवी उभी राहिली. तिनं पुडा हातात घेऊन नाकाशी नेला. तोच कोंदट वास.

बकुळानं मान खाली घातली नाही. पोरीला कडेवर सावरत ती म्हणाली, "टाकते, काकी. आत्ता टाकते. पण आज हिला काय घालू, तेवढं सांगा."

हा प्रश्न खरं तर शेवंतीला विचारायचा नव्हता. पण त्या जिन्यात उत्तर द्यायला तीच एकटी उभी होती, आणि तिचा डबा रिकामा होता.