एका बटणावर सगळे रंग

पर्वत पाटियाच्या कापड मार्केटमागे साड्यांचे कॅटलॉग करणारा एक स्टुडिओ होता. हर्षदा तिथं कामाला लागली तेव्हा तिला माउससुद्धा धड धरता येत नव्हता. तिला शिकवलं ते गजेंद्रनं. मॉडेलच्या अंगावरची साडी एकाच रंगात टिपायची आणि बाकीचे रंग कॉम्प्युटरवर चढवायचे, हा तिथला धंदा. स्क्रीनवर पदर कापून घेताना गोंड्यांचा एकही धागा कसा तुटू द्यायचा नाही, हे गजेंद्रनं शेजारी बसून, न चिडता दाखवलं. दोघंही मूळचे धुळ्याकडचे, दोघांची घरं डिंडोलीत. ती त्याला गजूभाऊ म्हणायची.

वर्षभरात ती त्याच्या पुढे गेली. मोबाइलवर व्हिडिओ बघता बघता तिला कळलं, की एकदा केलेलं काम सॉफ्टवेअरला लक्षात ठेवायला सांगता येतं. रंग बदलायच्या सगळ्या पायऱ्या तिनं रेकॉर्ड केल्या आणि एका बटणाला जोडून टाकल्या. मग साडी तेवढी कापून घ्यायची आणि बटण दाबायचं. हिरवी, जांभळी, मोरपंखी, एकामागून एक फोटो तयार. गजेंद्र मात्र अजून प्रत्येक रंगासाठी नव्यानं मेनू उघडत होता.

एकदा चहा घेताना त्यानं विचारलं, "तुझं काम इतकं लवकर कसं गं उरकतं? काही युक्ती असेल तर मलाही सांग."

"कसली युक्ती, भाऊ. माझा कॉम्प्युटर नवा आहे ना," ती हसत म्हणाली.

स्टुडिओचे गुजराती शेठ सगळ्यांसमोर तिचं कौतुक करायचे, ते तिला आवडायला लागलं होतं. एवढंच कारण होतं.

आणि त्याच शेठनी विचारलं तेव्हा तिनं सगळं दाखवलं. ते खुर्चीमागे उभे राहून बघत राहिले. "वाह, हर्षदाबेन," म्हणाले. पुढच्या सोमवारी गजेंद्र आला नाही.

"अब दो आदमी का क्या काम?" शेठ सहज बोलले. "तुम अकेली सँभाल लोगी."

त्याला परत घ्या, असं तिनं दोनदा म्हणून बघितलं. शेठनी विषय बदलला. मग भाजीबाजारात गजेंद्रची बायको वैशाली भेटली. "काम कमी झालं म्हणे तुमच्याकडं. तुझं तरी टिकलं ना?" असं तिनं इतक्या मायेनं विचारलं, की हर्षदानं नुसती मान हलवली. घरी तिला जेवण गेलं नाही.

त्या रविवारी ती त्यांच्या घरी गेली.

"ये बहीन, बठ," गजेंद्र म्हणाला. कामरेजच्या एका फोटोच्या दुकानात तो आता पासपोर्टचे फोटो काढत होता. वैशालीनं चहा ठेवला. चहा उकळायच्या आतच हर्षदानं सगळं सांगून टाकलं. बटणाचं, खोटं बोलल्याचं, शेठना दाखवल्याचं.

"म्हणजे शेठना दाखवलंस."

"हो."

"मी विचारलं तेव्हा नाही."

वैशालीनं गॅस बंद केला, पण चहा गाळला नाही.

"काम गेलं त्याचं सोड," गजेंद्र हळू आवाजात म्हणाला. "मला वाटलं, माझीच नजर गेली. मी डोळे तपासून आलो. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. तरी मी रोज स्वतःला मंद समजत बसलो."

हर्षदाला रडू आलं, पण इथं रडायचा आपल्याला हक्क नाही असं वाटून तिनं ते गिळलं.

थोड्या वेळानं त्यानं कपाटावरचा जुना लॅपटॉप काढून तिच्यासमोर ठेवला. "दाखव."

तिनं दाखवलं. तो पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदाही. वैशाली दाराशी उभी राहून बघत होती. त्यानंतरचे सगळे रविवार हर्षदा तिथं जात राहिली. पासपोर्ट फोटोची मागची बाजू पांढरी करणं, माप बसवणं, शीटवर लावणं, सगळं त्यानं एकेका बटणावर आणलं. दुकानदारानं त्याला लग्नाचे अल्बमही द्यायला सुरुवात केली. चहा पुन्हा मिळू लागला.

एका संध्याकाळी ती चपला घालत असताना तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "पुढच्या रविवारी नको येऊस. आता मला जमतं."

"बरं, भाऊ," ती म्हणाली आणि जिना उतरली. त्याच्या आवाजात राग नव्हता. मायाही नव्हती. चालत चालत बसस्टॉपवर पोहोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण भलतीकडेच आलो; तिचं घर उलट्या दिशेला होतं.