डबी उघडी ठेवून

झाकणाच्या फुगीर चांदीत उजेड मऊ करायला भोवती ताणलेल्या धोतराची पांढरी कनात दिसत होती, आणि कनातीला पाडलेल्या भोकातून डोकावणारं कॅमेऱ्याचं काळं तोंड — त्याच्यामागे कुठेतरी तो स्वतः असणार, इतका बारीक की छापल्यावर डाग वाटेल. ईश्वरअप्पाने साबणाचं ओलं बोट झाकणावरून फिरवलं. चकाकी मेली, तोंड पुसट झालं. चांदी मात्र चांदीच दिसायला हवी, जस्त नव्हे; म्हणून कडेचा साबण त्याने पुन्हा पुसून काढला.

हे सगळं त्याला येत होतं. अडचण ती नव्हती.

डबी मेहुण्याच्या, मन्मथअप्पाच्या दुकानातली होती. गंगाखेडात चांदीच्या लिंगाच्या डब्या वर्षाला किती खपणार, म्हणून त्याने समाजाच्या मासिकात, श्रावण अंकात, जाहिरात ठरवली होती — फोटो पाहून लोक पत्र टाकतील, डबी व्ही.पी.ने घरपोच. अंक छापायला जायचा होता आणि उद्या विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद. म्हणजे पाकीट आज चारच्या परभणी गाडीनेच जायला हवं होतं. सकाळी बंद डबीचा फोटो मन्मथअप्पाने उजेडाकडे धरून पाहिला होता.

"दाजी, ही लिंगाची डबी हाय का तपकिरीची?"

"डबीसारखीच डबी दिसणार."

"मंग उघडी ठेवा की. आत लिंग दिसलं तर मानूस डबी घेईल. परक्याचं कशाला, तुमचंच ठेवा. रोज पूजेला हातावर घेताच न्हवं? तेवढ्यात मारा फोटो." आणि जाता जाता, हसत, "अक्का म्हनती, दाजी लय धार्मिक झालेत. दार लावून पूजा करायलेत."

दार लावून. ईश्वरअप्पाचा हात सदऱ्यावरून छातीशी गेला — लहानपणी गुरूंनी गळ्यात बांधलेलं, जन्मभर अंगावेगळं करायचं नाही ते लिंग जिथे असायचं तिथे. कापडाची पुरचुंडी होती. तिच्यात दोन महिन्यांपासून एक सुपारी होती.

दोन महिने रोज सकाळी तो डार्करूममध्ये जातो. आत कुणी यायचं नाही, फिल्म जळेल, असं बायकोला, उमादेवीला वीस वर्षांपूर्वीच सांगून ठेवलेलं आहे. तिने ते कधी मोडलेलं नाही. लाल दिव्याखाली तो डावा तळहात पसरून बसतो. तळहात रिकामा असतो. पुरेसा वेळ झाला असं वाटलं की कपाळाला विभूती लावून बाहेर येतो… पुरेसा वेळ म्हणजे किती, हे आधी कधी मोजावं लागलं नव्हतं.

वैशाखात विहिरीने तळ गाठला होता, म्हणून लग्नाचे फोटो धुवायला तो गोदावरीवर गेला. कडेच्या धारेत चाळीस फोटो सोडले, वाकला. गळ्यातल्या लिंगाचा दोरा झिजला होता, ते त्याला ठाऊक होतं. उद्या बदलू म्हणत होता. मानेवरची ओढ सुटली, काहीतरी पाण्याला लागल्याचा बारीक आवाज आला — आणि त्याच क्षणी फोटोंचा गठ्ठा धारेबरोबर निघाला. माझे दोन्ही हात फोटोंवर गेले. दोन्ही. एक तरी मोकळा ठेवता आला असता. नवरी-नवरा, वरमाया, जेवणाच्या पंगती, सगळं मी धरलं, एकही फोटो जाऊ दिला नाही, आणि मग संध्याकाळपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात वाळू चाचपत राहिलो.

मठात जाऊन लिंग हरवल्याचं गुरूंना सांगायला हवं होतं. त्या दिवशी नाही, निदान दुसऱ्या दिवशी. आता पहिला प्रश्न असेल — दोन महिने काय करत होतास?

दोन वाजले. कनातीवरचा उजेड पिवळा व्हायला लागला. रोलमध्ये चार फोटो उरले होते. त्याने पार्सलची लाख मेणबत्तीवर मऊ केली, बोटांनी गोलाई दिली, रिटचिंगच्या ब्रशने वर काजळ चढवलं. सुरू करण्याआधी आपण हात धुतले, हे नंतर त्याच्या लक्षात आलं. हात कशासाठी धुतले? गोळा डबीत ठेवला. कनात थोडी सरकवली. काळ्या पृष्ठभागावर उजेडाचा एक ठिपका उतरला, शांत, जसा हवा तसा. चारही फोटो त्याने श्वास धरून काढले आणि गोळा लगेच मेणबत्तीवर वितळवून टाकला.

मन्मथअप्पा साडेतीनला आला तेव्हा फोटो अजून ओला होता.

"हां! आता कसं!" तो म्हणाला. "अक्का, ये बघ. दाजींनी देव्हाराच केलाय डबीचा."

उमादेवी चहा घेऊन आली. कप ठेवून तिने पदराला हात पुसले, फोटोपुढे वाकली आणि हात जोडले. ईश्वरअप्पा ब्लॉटिंग कागद सारखा करत राहिला. दोन्ही हात कामात होते. बघू नको, एवढा वेळ बघू नको… ती सरळ झाली, पुन्हा वाकली.

"अवं, तुमचं इतकं गोल हुतं का?"

"उजेडानं तसं दिसतं," तो म्हणाला. उत्तर लगेच आलं, ठरवल्यासारखं.

"आसंल," ती म्हणाली.

मन्मथअप्पाने फोटो पुठ्ठ्यात घातला, पाकीट काखेत मारलं. गाडीची वेळ झाली होती. स्टँडपर्यंत धावावंच लागणार. ओट्यावरून त्याच्या चपलांचा आवाज लांब गेला. आता हे पाकीट परभणीला जाईल, तिथून छापखान्यात, आणि श्रावणात अनोळखी घरांतून लोक त्या फोटोपुढे असेच हात जोडतील. कुणाला काही कळणार नाही. सुटलो, असं वाटायला हवं होतं. त्याने वाट पाहिली. तसं वाटेना.

उमादेवी कप गोळा करत होती. एक कप, दुसरा कप, बशा. ती दारापाशी थांबली, पाठमोरीच. ती का थांबली? पदर अडकला असेल. तिला काही आठवलं असेल. दोन महिने ती अशी थांबली की तो काहीतरी काम काढून खोलीबाहेर जायचा. आत्ता तो तिच्या पाठीकडे बघत होता आणि तिने तसंच उभं राहावं, हलू नये, असं त्याला वाटत होतं… मला आपणहून सांगता येणार नाही. पण तू विचार. पुन्हा एकदा विचार, या खेपेला मी उजेडाचं नाव घेणार नाही.

ती आत गेली, आणि आतून बशांवर बशा ठेवल्याचा आवाज आला.